नेली झाक्स: स्वीडिश कवींचे अनुवाद करता करता घडलेल्या नोबेलविजेत्या जर्मन कवयित्रीची गोष्ट

१० डिसेंबर १९६६. स्टॉकहोममध्ये नोबेल पुरस्कारांचा सोहळा सुरू होता. त्या वर्षीचं साहित्याचं नोबेल दोघांना विभागून देण्यात आलं होतं. एक होते हिब्रू कथाकार श्मुएल योसेफ अग्नोन आणि दुसऱ्या होत्या नेली झाक्स, लहानखुऱ्या बांध्याच्या, जर्मनमध्ये कविता लिहिणाऱ्या आणि स्वीडनच्या नागरिक असलेल्या कवयित्री. त्या दिवशी त्यांचा ७५वा वाढदिवस होता.

मेजवानीच्या वेळी केलेल्या छोट्याशा भाषणात त्यांनी वडिलांची आठवण काढली. बर्लिनमध्ये त्या लहान असताना दर १० डिसेंबरला वडील म्हणायचे, आज तिकडे स्टॉकहोममध्ये नोबेलचा सोहळा चालू असेल. १० डिसेंबर हा आल्फ्रेड नोबेल यांचा स्मृतिदिन, आणि पहिले नोबेल दिले गेले तो १९०१ सालचा १० डिसेंबर म्हणजे नेलीचा दहावा वाढदिवस. घरातली ही साधी गंमत ६५ वर्षांनी अशी खरी झाली.

नेली झाक्स यांची ओळख बहुतेक ठिकाणी 'होलोकॉस्टच्या कवयित्री' अशी करून दिली जाते. नाझींनी केलेल्या ज्यूंच्या संहारावर त्यांनी लिहिलं आणि त्यासाठीच त्यांना नोबेल मिळालं, हे खरंच आहे. पण वयाच्या पन्नाशीपर्यंत जुन्या वळणाच्या, यमकांच्या कविता लिहिणारी, बर्लिनबाहेर फारसं कुणाला माहीत नसलेली ही बाई अचानक इतकी वेगळी कविता कशी लिहू लागली? या प्रश्नाच्या उत्तराचा मोठा भाग स्टॉकहोममधल्या एका छोट्या स्वयंपाकघरात, स्वीडिश शब्दकोश समोर ठेवून केलेल्या अनुवादांत आहे. त्याबद्दल फार कमी बोललं जातं.

पंधराव्या वाढदिवसाची भेट

नेली यांचं जन्मनाव लिओनी. जन्म १८९१ चा, बर्लिनमधल्या शोनेबर्ग भागातला. वडील विल्यम झाक्स कारखानदार होते. घर सधन, सुशिक्षित आणि ज्यू असलं तरी धार्मिक वगैरे अजिबात नव्हतं. तब्येत नाजूक असल्याने एकुलत्या एक नेलीचं बरंचसं शिक्षण घरीच झालं. संगीत आणि नृत्याची तिला विलक्षण ओढ होती.

पंधराव्या वाढदिवशी तिला एक पुस्तक भेट मिळालं. स्वीडिश लेखिका सेल्मा लागरलोफ यांची 'गोस्ता बर्लिंग' ही कादंबरी. नेली या पुस्तकाने इतकी भारावली की तिने थेट लेखिकेलाच पत्र लिहिलं, आणि त्यातून दोघींचा पत्रव्यवहार सुरू झाला. पुढे १९०९ मध्ये लागरलोफ साहित्याचं नोबेल मिळवणाऱ्या पहिल्या महिला ठरल्या. १९२१ मध्ये नेली यांचं 'दंतकथा आणि कथा' हे पहिलं पुस्तक आलं, तेव्हा त्यांनी ते लागरलोफ यांना पाठवलं. उत्तरादाखल कौतुकाचे चार शब्द लिहिलेलं कार्ड आलं.

आजच्या भाषेत सांगायचं तर ही एका चाहतीची आणि सेलिब्रिटीची ओळख होती. दोघी कधी समोरासमोर भेटल्याही नाहीत. पण याच ओळखीने पुढे दोन जीव वाचवले.

१९४०: शेवटच्या क्षणी सुटका

१९३० मध्ये वडील गेले. १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला आणि बर्लिनमध्ये नेली आणि त्यांची आई मार्गारेटे यांचं जगणं दिवसेंदिवस आवळत गेलं. मालमत्ता गेली, घर गेलं, चौकश्या मागे लागल्या. एका चौकशीनंतर नेली यांची वाचाच बसली. पाच दिवस तोंडातून शब्द फुटला नाही. मुकेपणा, गिळलेला श्वास, न उमटलेला शब्द त्यांच्या नंतरच्या कवितेत पुन्हा पुन्हा येतात, त्याचं मूळ इथे आहे.

१९३९ च्या उन्हाळ्यात गुडरून हार्लान ही त्यांची मैत्रीण स्वीडनला गेली. ती ज्यू नव्हती, त्यामुळे तिला प्रवास करता येत होता. तिने ऐंशी वर्षांच्या लागरलोफ यांची गाठ घेतली आणि राजाचे भाऊ, चित्रकार प्रिन्स युजेन यांच्यापर्यंतही विनंती पोहोचवली. कागदपत्रांची चक्रं फिरायला लागली, पण फार हळू. दरम्यान महायुद्ध सुरू झालं. मार्च १९४० मध्ये लागरलोफ यांचं निधन झालं. एप्रिलमध्ये जर्मनीने डेन्मार्क आणि नॉर्वेचा ताबा घेतला.

अखेर स्वीडनचा व्हिसा आला. जवळपास त्याच सुमारास श्रमछावणीत हजर होण्याचा हुकूमही आला होता. १६ मे १९४० रोजी मायलेकी विमानाने स्टॉकहोमला पोहोचल्या. ज्यांच्या भरवशावर निघाल्या त्या लेखिका आता हयात नव्हत्या. स्वीडिश भाषा येत नव्हती. नेली यांचं वय होतं ४८.

स्वयंपाकघरातली 'केबिन'

स्टॉकहोमच्या दक्षिण भागात, बेर्गसुंड्सस्ट्रांड या रस्त्यावर ज्यू समाजाच्या मालकीच्या इमारतीत त्यांना एका खोलीचं घर मिळालं. आई आजारी असायची, तिची सगळी देखभाल नेलींकडे. पोटासाठी त्यांनी काही काळ लोकांचे कपडे धुण्याचं कामही केलं. आई झोपली की रात्री स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात बसून त्या लिहायच्या. या कोपऱ्याला त्यांनी नाव दिलं होतं 'कायूटं', म्हणजे जहाजावरची केबिन.

याच कोपऱ्यात त्यांनी स्वीडिश शिकायला घेतलं. भाषा रोजच्या व्यवहारासाठी हवीच होती, पण त्या शिकता शिकता थेट समकालीन स्वीडिश कवितेत शिरल्या आणि ती जर्मनमध्ये आणायला लागल्या. त्यातून थोडंफार मानधन मिळे. शिवाय परक्या शहरात आपण कुणीतरी आहोत, लेखक आहोत, हे सांगायची दुसरी सोयही नव्हती.

स्वीडिश आणि जर्मन या एकाच कुळातल्या भाषा. दगडाला जर्मनमध्ये 'श्टाइन', स्वीडिशमध्ये 'स्टेन'. ताऱ्याला 'श्टेर्न' आणि 'शेर्ना'. मराठी माणसाला हिंदी वाचताना जशी ओळखीची वाटते, तसंच. आणि फसगतही तशीच. हिंदीतली 'शिक्षा' म्हणजे शिक्षण, हे कळेपर्यंत मराठी मूल दचकतं. जर्मनमध्ये 'ओल' म्हणजे तेल, स्वीडिशमध्ये जवळपास त्याच उच्चाराचा शब्द म्हणजे बिअर!

कवितेत अडचण याहून बारीक असते. जर्मनमध्ये नामाच्या आधी वेगळं उपपद लागतं, स्वीडिशमध्ये ते बहुतेक वेळा नामाच्या शेपटीला चिकटतं. 'नाट' म्हणजे रात्र, 'नाटेन' म्हणजे ती विशिष्ट रात्र. एका शब्दात काम झालं. जर्मनमध्ये त्याचे दोन शब्द होतात, ओळ लांबते, ठेका बदलतो. शब्द सारखे, पण चाल वेगळी. दूरच्या भाषेतून अनुवाद करताना निदान आपण नवीन काहीतरी रचतोय याची जाणीव असते. जवळच्या भाषेत शब्दाला शब्द ठेवायचा मोह होतो आणि कविता हातातून निसटते.

कोणते कवी?

इथे थोडं थांबायला हवं, कारण नेलींनी निवडलेले कवी महत्त्वाचे आहेत.

त्यांचं स्वीडनप्रेम लागरलोफ यांच्या गोष्टीवेल्हाळ, दंतकथांनी भरलेल्या जगातून आलेलं होतं. स्टॉकहोममध्ये मात्र त्यांना भेटली ती वेगळीच, मोडतोड झालेली कविता. स्वीडन युद्धात तटस्थ होता. पण शेजारी जे चाललं होतं त्याने तिथल्या तरुण कवींची भाषा पार हादरली होती. १९४० च्या दशकातले म्हणून हे कवी 'चाळिशीवाले' या अर्थाच्या नावाने ओळखले जातात.

त्यांच्यातले एरिक लिंडेग्रेन यांनी १९४२ मध्ये 'वाट नसलेला माणूस' हा संग्रह काढला. चौदा ओळींच्या चाळीस कविता, पण यमक नाही, ओळींची जुनी घडी नाही. त्यांना 'मोडलेली सुनीतं' म्हणतात. कार्ल वेनबर्ग हे दुसरे, कुठल्याही घोषणेवर विश्वास न ठेवणारे, कोरड्या सुराचे. थोडे आधीचे गन्नर एकेलोफ, ज्यांच्या १९३२ च्या पहिल्या संग्रहापासून स्वीडिश कवितेत अतिवास्तववादाची सुरुवात मानली जाते. त्यांनी लंडनमध्ये पौर्वात्य भाषांचा आणि उपसालाला फारसीचा अभ्यास केला होता, आणि सूफी गूढवादाची त्यांना ओढ होती. योहानेस एडफेल्ट हे आणखी एक.

आणि एडिथ सोडरग्रान. फिनलंडमध्ये राहून स्वीडिशमध्ये लिहिणारी, १९२३ मध्ये क्षयाने वयाच्या एकतिसाव्या वर्षी गेलेली कवयित्री. तिचं शालेय शिक्षण सेंट पीटर्सबर्गच्या जर्मन शाळेत झालं होतं आणि शाळकरी वयातल्या तिच्या बऱ्याचशा कविता जर्मनमध्येच आहेत. म्हणजे जर्मन सोडून स्वीडिशकडे गेलेल्या एका बाईला दुसरी बाई पुन्हा जर्मनमध्ये आणत होती.

बर्लिनमध्ये असताना नेली ज्या पद्धतीने लिहीत होत्या त्यात हरणं होती, बागा होत्या, संतांच्या कथा होत्या, नेटकी यमकं होती. १९४२-४३ च्या सुमारास छावण्यांमधल्या हत्यांच्या बातम्या स्टॉकहोमला पोहोचायला लागल्या. बर्लिनमधली ओळखीची माणसं एकेक करून नाहीशी होत होती. हे सगळं जुन्या घाटात मावणं शक्यच नव्हतं. नवा घाट त्यांना रोज रात्री अनुवादाच्या निमित्ताने हाताखालून जाणाऱ्या कवितांतून मिळत गेला. मोकळी ओळ, अर्धवट तुटणारं वाक्य, एकावर एक आदळणाऱ्या प्रतिमा. त्याच काळात त्या बायबलमधली स्तोत्रं, मार्टिन बुबर यांनी संकलित केलेल्या हसिदी कथा आणि ज्यू गूढवादी ग्रंथही वाचत होत्या, त्यामुळे सगळं श्रेय स्वीडिश कवींना देणं अतिशयोक्ती होईल. पण पुढे त्यांनी स्वतःच एक रेघ ओढली. १९४० पूर्वीचं आपलं लेखन पुन्हा छापू नये, असं त्या आग्रहाने सांगत राहिल्या. कवयित्री म्हणून आपला जन्म स्टॉकहोममध्येच झाला, असंच त्या मानत होत्या.

१९४७: एकाच प्रकाशकाची दोन पुस्तकं

युद्ध संपल्यावर, १९४७ मध्ये, पूर्व बर्लिनमधल्या आउफबाऊ या प्रकाशनसंस्थेने नेली झाक्स यांची दोन पुस्तकं काढली. एक होता त्यांचा स्वतःचा कवितासंग्रह 'मृत्यूच्या निवासांमध्ये', मारल्या गेलेल्या बंधुभगिनींना अर्पण केलेला. छावण्यांच्या धुराड्यांवरची त्यांची सगळ्यात प्रसिद्ध कविता याच संग्रहातली. दुसरं पुस्तक म्हणजे विसाव्या शतकातल्या स्वीडिश कवितांच्या अनुवादांचा संग्रह. नाव होतं 'लाट आणि ग्रॅनाइट यांविषयी'. स्वतःच्या कवितांचं पहिलं पुस्तक आलं तेव्हा त्या ५५ वर्षांच्या होत्या.

ही दोन पुस्तकं एकाच वेळी येण्याला आणखी एक अर्थ होता. नाझींच्या बारा वर्षांत जर्मन वाचक बाहेरच्या आधुनिक कवितेपासून जवळजवळ तोडला गेला होता. ज्या बाईला या देशाने हाकललं, तीच आता त्याला बाहेरची कविता आणून देत होती. आणि तेही खुन्यांची भाषा म्हणून अनेकांनी टाकून दिलेल्या जर्मनमध्ये.

तेव्हा याची दखल मात्र फारशी कुणी घेतली नाही. १९४९ मध्ये ॲमस्टरडॅममधून निघालेला 'ताऱ्यांचं झाकोळणं' हा त्यांचा दुसरा संग्रह इतका कमी खपला की उरलेल्या प्रती लगद्यात गेल्या. 'एली' हे त्यांचं नाटक १९५१ मध्ये स्वीडनमध्ये वर्गणी जमवून छापावं लागलं, जेमतेम २०० प्रती. मधल्या काळात, १९५० च्या फेब्रुवारीत, आई गेली. आईसाठी जगायचं हेच दहा वर्षांचं कारण होतं, ते संपलं.

या रिकाम्या वर्षांत अनुवाद चालू राहिला. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात समकालीन स्वीडिश कवितांचा दुसरा संग्रह आला, 'पण हा सूर्यही बेघर आहे' या नावाचा. १९५८ मध्ये एडफेल्ट यांच्या कवितांचं 'सावल्यांचा कोळी'. १९६२ मध्ये एकेलोफ, १९६३ मध्ये लिंडेग्रेन, १९६५ मध्ये वेनबर्ग. लिंडेग्रेन यांच्या पुस्तकाला दिलेलं नाव मराठीत सांगायचं तर 'कारण आपले पंख हेच आपलं एकमेव घरटं'. अनुवादासाठी कुठला कवी घ्यायचा आणि पुस्तकाच्या माथ्यावर कुठले शब्द ठेवायचे, यातून अनुवादकही स्वतःबद्दल बोलत असतो.

अनुवादाचं येणंही झालं. एडफेल्ट आणि लिंडेग्रेन यांनी नेलींच्या कविता स्वीडिशमध्ये नेल्या. स्वीडिश वाचकाला या शेजारच्या निर्वासित बाईची ओळख पटली ती अशी.

मग जर्मनीला त्या आठवल्या

१९५० चं दशक संपत आलं तेव्हा पश्चिम जर्मनीतल्या हान्स माग्नुस एन्झेन्सबर्गर यांच्यासारख्या तरुण लेखकांनी नेली झाक्स यांना उचलून धरलं. १९५९ चा 'पलायन आणि रूपांतर' हा संग्रह गाजला. १९६० मध्ये मेर्सबुर्ग इथला ड्रोस्टे पुरस्कार जाहीर झाला आणि तो घ्यायला त्या वीस वर्षांनी पहिल्यांदा जर्मनीत गेल्या. पण तिथे रात्र काढायची त्यांची तयारी नव्हती. मुक्काम स्वित्झर्लंडमध्ये ठेवला, सरोवर ओलांडून समारंभापुरत्या जर्मनीत. झुरिकमध्ये त्यांची कवी पाउल सेलान यांच्याशी भेट झाली. सेलान यांचे आईवडील छावणीत गेले होते. दोघांचा पत्रव्यवहार काही वर्षं चालू होता.

स्टॉकहोमला परतल्यावर त्या कोसळल्या. नाझी आपल्या मागावर आहेत, घरावर नजर ठेवून आहेत, असं त्यांना सतत वाटू लागलं. पुढची जवळपास तीन वर्षं मनोरुग्णालयात ये-जा करण्यात गेली. सेलान पॅरिसहून स्टॉकहोमला धावून आले. वर दिलेल्या सनावळीकडे पुन्हा पाहिलं तर लक्षात येईल की एकेलोफ आणि लिंडेग्रेन यांची अनुवादित पुस्तकं याच वर्षांत प्रसिद्ध झाली आहेत.

१९६५ मध्ये जर्मन पुस्तक व्यवसायाचा शांतता पुरस्कार त्यांना मिळाला. तो मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. आणि पुढच्या वर्षी नोबेल.

नोबेलवर शंका घेता येते का?

घेता येते, आणि ती लपवायचं कारण नाही. साहित्याचं नोबेल ठरवते स्वीडिश अकादमी. १९६६ मध्ये या अकादमीत एकेलोफ होते (१९५८ पासून) आणि लिंडेग्रेनही (१९६२ पासून). म्हणजे नेलींनी ज्यांचे अनुवाद केले तेच कवी निवड करणाऱ्यांत बसले होते. आजच्या सोशल मीडियावर यावर दोन दिवस तरी गदारोळ झाला असता.

पण दुसरी बाजू अशी की नेली कपडे धुऊन घर चालवत होत्या तेव्हा हे कवी कुठल्याही सत्तेच्या जागी नव्हते. लिंडेग्रेन यांना तर आपला तो संग्रह स्वतःच्या खर्चाने काढावा लागला होता. शिवाय स्वीडनमध्ये सव्वीस वर्षं राहणारी मोठी कवयित्री तिथल्याच कवींनी वाचावी, तिचा अनुवाद करावा, तिचं मोल ओळखावं, यात नवल ते काय? अकादमीने वेगळा आक्षेप ओढवून घेतला असं मला वाटतं. गौरवपत्रात इस्रायलच्या नियतीचा उल्लेख होता आणि अग्नोन यांच्यासोबत पुरस्कार विभागून दिल्याने दोघांना 'ज्यू साहित्य' या एकाच खणात बसवलं गेलं. एक जेरुसलेममध्ये हिब्रू लिहिणारे कथाकार, दुसरी स्टॉकहोममध्ये जर्मन लिहिणारी कवयित्री. दोघांच्या लेखनात साम्य फार कमी. नेलींनी स्वतः हा फरक मोजक्या शब्दांत सांगितला होता: अग्नोन इस्रायल राष्ट्राचे प्रतिनिधी, आपण ज्यू लोकांच्या शोकांतिकेच्या.

या वर्गवारीत त्यांचं अनुवादाचं काम मात्र हरवलं. ते ना ज्यू साहित्यात बसतं, ना पूर्णपणे जर्मन, ना स्वीडिश.

बाकी अनुवादक-कवी आणि नेली

स्वीडिश कविता दुसऱ्या भाषेत नेणारे कवी आणखीही आहेत. अमेरिकेचे रॉबर्ट ब्लाय आणि स्कॉटलंडचे रॉबिन फुल्टन यांनी तोमास ट्रान्सट्रोमर यांना इंग्रजीत आणलं, आणि ट्रान्सट्रोमर यांना २०११ मध्ये नोबेल मिळालं. डब्ल्यू. एच. ऑडन यांनी तर स्वीडिश येत नसताना एका जाणकाराच्या मदतीने डाग हामरशोल्ड यांच्या नोंदवहीचा अनुवाद केला. ही मंडळी बाहेरची चांगली चीज आपल्या घरी घेऊन येत होती. नेलींचं घर मात्र ज्या भाषेत होतं, तो देश उरला नव्हता. जर्मनमध्ये अनुवाद करणं म्हणजे त्यांच्यासाठी आईशी बोलायची भाषा जिवंत ठेवणं होतं, आणि ती नव्या ओळींनी पुन्हा वापरण्याजोगी करणंही.

नोबेलच्या रकमेतला आपला वाटा त्यांनी ठेवला नाही. अर्धी रक्कम गरजूंना दिली आणि अर्धी गुडरून हार्लानला, १९३९ च्या उन्हाळ्यात त्यांच्यासाठी स्वीडन गाठणाऱ्या त्याच मैत्रिणीला. राहायला त्या शेवटपर्यंत बेर्गसुंड्सस्ट्रांडच्या त्याच इमारतीत राहिल्या. १२ मे १९७० रोजी, ज्या दिवशी पॅरिसजवळ पाउल सेलान यांचा दफनविधी होता त्याच दिवशी, स्टॉकहोममधल्या रुग्णालयात त्यांचं निधन झालं. त्यांची कागदपत्रं आणि पुस्तकं आता स्वीडनच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत.